जुन्या टर्बो मोटारीचे इंजिन-संगणक ट्यूनिंग : परवडणारी निवड कशी करावी?

महाराष्ट्रातील टर्बो मोटारींची एक पिढी आता जुन्या बाजारात आली आहे. पुण्यात तयार झालेली टाटा सफारी, नाशिकची महिंद्र स्कॉर्पिओ, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे २००१ पासून जुळवली गेलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आणि रांजणगावच्या कारखान्यातील १.३ लिटर डिझेल इंजिनावर धावणाऱ्या फियाट व टाटांच्या मोटारी ही त्यांपैकी ठळक नावे. मोठ्या शहरांत दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या अशा गाड्या परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू यांसारख्या गावांत कमी किमतीत मिळतात. गाडी मजबूत असते, पण पिकअप मंदावलेला असतो. मग ‘चिप बसवली की गाडी उडते’ असा सल्ला मिळतो आणि खर्चाचा प्रश्न उभा राहतो.

इंजिनच्या संगणकात बदल करण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांची किंमत काही हजारांपासून लाखापर्यंत जाते. मात्र यातील स्वस्त आणि महाग हा भेद केवळ यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. चुकीच्या ट्यूनिंगमुळे टर्बो, इंजेक्टर किंवा पिस्टन निकामी झाला, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जाऊ शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ गॅरेज जवळ नसते, हीही अडचण असते. त्यामुळे जी व्यवस्था मोजून तपासता येते आणि जिच्यावरून हवे तेव्हा मूळ स्थितीत परत जाता येते, तीच खऱ्या अर्थाने परवडणारी मानावी.

आधी संगणक आहे का, ते पाहावे

सर्व जुन्या टर्बो गाड्यांत इंजिन-संगणक नसतो. १९९८ मध्ये आलेल्या सफारीचे दोन लिटरचे टर्बो डिझेल इंजिन किंवा २००२ च्या स्कॉर्पिओचे २.६ लिटरचे इंजिन यांत्रिक डिझेल पंपावर चालत असे. अशा गाडीत कोणतीही ‘चिप’ उपयोगाची नाही. तिथे पंप-नोझलचे काम जाणणाऱ्या कारागिराकडून पंपाचे कॅलिब्रेशन करून घेणे हेच ट्यूनिंग होय.

२००५ नंतर परिस्थिती बदलली. सफारीला डायकॉर आणि स्कॉर्पिओला सीआरडीई ही कॉमन रेल इंजिने मिळाली. कॉमन रेल पद्धतीत डिझेल एका समाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवले जाते. त्या काळच्या इंजिनांत हा दाब साधारण १,३५० ते १,६०० बार इतका असे. प्रत्येक इंजेक्टर केव्हा आणि किती वेळ उघडायचा, हे संगणक ठरवतो.

ऑक्टाव्हियाचे १.९ लिटर टीडीआय इंजिन या दोहोंच्या मधले आहे. त्यात कॉमन रेल नाही. फिरता वितरक पंप आहे, पण त्याचे नियंत्रण बॉश कंपनीच्या ईडीसी १५ मालिकेतील संगणकाकडे आहे. म्हणून कॉमन रेलसाठी बनवलेला ट्यूनिंग बॉक्स या गाडीला चालत नाही. पेट्रोल टर्बोच्या बाबतीत भारतात पर्याय थोडे होते. १.८ लिटरची ऑक्टाव्हिया आरएस आणि २०१० मध्ये आलेली फियाट लिनिया टी-जेट या त्यांतील परिचित गाड्या. दोन्हींत संगणक आहे, पण त्यांचे प्रश्न डिझेलपेक्षा वेगळे आहेत.

संगणक नेमके काय करतो?

इंजिन-संगणकाच्या स्मृतीत आकड्यांचे अनेक तक्ते साठवलेले असतात. एका बाजूला इंजिनच्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा भार आणि जिथे दोन्ही मिळतात त्या चौकटीत इंधनाचे प्रमाण, इंजेक्शन किंवा ठिणगीची वेळ, टर्बोचा दाब असे मूल्य. या तक्त्यांना ‘मॅप’ म्हणतात. हवेचे वजन, तापमान, दाब आणि पायाखालच्या पेडलची स्थिती सेन्सर कळवतात. संगणक त्यानुसार योग्य चौकट शोधून आज्ञा देतो.

उत्पादक हे मॅप तयार करताना निकृष्ट इंधन, कडक उन्हाळा, हलगर्जी देखभाल आणि प्रदूषणाची मर्यादा या सर्वांचा विचार करून थोडी ताकद राखून ठेवतो. ट्यूनिंग करणारा ही राखीव ताकद वापरात आणतो. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवता येत असल्याने हा फरक जाणवण्याइतका असतो. बिनटर्बोच्या गाडीत तो फारच थोडा मिळतो.

परंतु राखीव ठेवलेली ही ताकद म्हणजे इंजिनचे संरक्षणही असते. नव्या गाडीत जे चालून जाते, ते दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीत चालेलच असे नाही.

परभणीची हवा आणि टर्बोचे गणित

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणे नवे नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती आणखी तापते. बाहेर ४३ अंश तापमान असताना हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सुमारे १४० अंशांवर पोचते. २० अंशांच्या सकाळी हाच आकडा ११० अंशांच्या आसपास राहतो. शिवाय ४३ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. म्हणजे ताकद कमी मिळते आणि उष्णता जास्त सोसावी लागते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. थंड हवेच्या शहरात किंवा हिवाळ्यात ट्यून केलेली गाडी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तशीच वागणार नाही. आणि इंटरकूलर स्वच्छ व गळतीरहित असणे हे कोणत्याही नव्या मॅपइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरा स्थानिक घटक धुळीचा. काळ्या मातीचे कच्चे रस्ते, ऊस व कापसाची वाहतूक यांमुळे एअर फिल्टर लवकर भरतो. शर्यतीच्या गाड्यांसाठी विकले जाणारे तेल लावलेले ‘स्पोर्ट’ फिल्टर इथे टाळावेत. त्यातून बारीक धूळ आत गेल्यास टर्बोची पाती झिजतात, तर फिल्टरचे तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसल्यास संगणकाला चुकीची माहिती मिळते. मूळ कागदी फिल्टर वेळेवर बदलणे अधिक हिताचे.

ट्यूनिंगपूर्वीची तपासणी

जुन्या गाडीचा पिकअप कमी झाला असेल तर बहुतेक वेळा दोष मॅपमध्ये नसतो. फाटलेला इंटरकूलरचा पाइप, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, बिघडलेला हवामापक सेन्सर, चोंदलेला डिझेल फिल्टर किंवा टर्बोची अडकलेली यंत्रणा यांपैकी काहीतरी असते. त्यामुळे पुढील क्रम पाळणे योग्य ठरते :

१. संगणकाचे स्कॅनिंग करून दोषसंकेत वाचावेत. २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ पद्धत असल्याने काही शे रुपयांच्या ब्लूटूथ अ‍ॅडाप्टरने मोबाइलवर बरीच माहिती मिळते. जुन्या ऑक्टाव्हियाचा संगणक मात्र फोक्सवॅगन समूहाच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. तिथे हे स्वस्त अ‍ॅडाप्टर निरुपयोगी ठरतात, त्या समूहासाठीचे खास सॉफ्टवेअर लागते.

२. इंजिनचे कॉम्प्रेशन मोजावे. उदाहरणार्थ, १.९ टीडीआय इंजिनात नव्या स्थितीत २५ ते ३१ बार, झिजेची मर्यादा १९ बार आणि सिलिंडरांमधील फरक ५ बारपेक्षा कमी, हे प्रमाण मानले जाते. यात न बसणाऱ्या इंजिनाचे ट्यूनिंग करू नये.

३. हवेच्या मार्गाची गळती तपासावी आणि टर्बोच्या दांड्याला ढिलाई आहे का, ते हाताने पाहावे.

४. टायमिंग बेल्ट, कूलंट, इंजिन ऑइल व क्लच यांची स्थिती पाहावी. वाढलेला टॉर्क सर्वांत आधी थकलेल्या क्लच प्लेटवर येतो.

या दुरुस्तीनंतर पुष्कळ मालकांना ‘चिप’ची गरज उरत नाही. सेन्सर खरे सांगू लागले की मूळ मॅपच पुन्हा पूर्ण ताकद देतो. सर्वांत स्वस्त ट्यूनिंग हेच आहे.

चार मार्ग, चार किमती

पहिला मार्ग ट्यूनिंग बॉक्सचा. कॉमन रेल डिझेलमध्ये हा डबा बहुधा रेलच्या दाबाच्या सेन्सरमध्ये जोडला जातो. तो संगणकाला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतो. संगणक दाब वाढवतो आणि इंजेक्टर जास्त डिझेल सोडतात. जोडणी अर्ध्या तासाची, काढणेही तितकेच सोपे. पण हा डबा संगणकाची फसवणूक करतो. इंजेक्शनची वेळ, टर्बोचा दाब आणि धुराची मर्यादा यांचा मेळ तो घालत नाही. जास्त डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही की काळा धूर येतो आणि एग्झॉस्टचे तापमान चढते. जुन्या इंजेक्टरांवर व उच्चदाब पंपावर ताणही येतो. नाव नसलेले स्वस्त डबे तर पूर्णपणे टाळावेत. काहींमध्ये केवळ एक रेझिस्टर असतो.

दुसरा मार्ग रिमॅपचा. यात मूळ संगणकातील फाइल वाचून, तिच्यातील तक्ते बदलून ती परत लिहिली जाते. इंधन, वेळ, टर्बोचा दाब आणि मर्यादा या सर्वांचा एकत्र विचार करता येतो. नवे यंत्र गाडीत बसत नाही, वायरिंग तोडावी लागत नाही आणि मूळ फाइल जपून ठेवली असेल तर पूर्वस्थिती परत आणता येते. खर्च काही दहा हजारांच्या घरात जातो. जुन्या, संगणक असलेल्या बहुतेक टर्बो गाड्यांसाठी हाच मार्ग समतोल ठरतो. मात्र त्याचा दर्जा पूर्णपणे करणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून असतो. इंटरनेटवरून मिळालेली ‘तयार फाइल’ त्याच मॉडेलची असली, तरी सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असू शकते.

इथे एक व्यावहारिक धोका लक्षात घ्यावा. फाइल लिहिली जात असताना बॅटरीचे व्होल्टेज पडले किंवा बनावट केबलने संपर्क तुटला, तर संगणक निकामी होऊ शकतो. भारनियमन असलेल्या भागात केवळ चार्जरच्या भरवशावर हे काम करू नये. गाडीची बॅटरी सुस्थितीत, पूर्ण भारित असावी आणि चार्जरला इन्व्हर्टरचा आधार असावा.

तिसरा मार्ग पिगीबॅक संगणकाचा. मूळ संगणक कायम ठेवून दुसरा छोटा संगणक सेन्सर व इंजेक्टरांमधील संदेश बदलतो. यात बॉक्सपेक्षा जास्त नियंत्रण मिळते, पण वायरिंग कापावी लागते. पेट्रोल टर्बोमध्ये मूळ फाइल वाचता येत नसेल, तेव्हा याचा विचार होतो. टी-जेट किंवा १.८ लिटर ऑक्टाव्हियाचे बॉश संगणक वाचता येतात. त्यामुळे तिथे याची गरज क्वचित पडते.

चौथा मार्ग स्वतंत्र संगणकाचा. मूळ संगणक काढून इंजिनचा सगळा कारभार नव्या संगणकाकडे दिला जातो. २००१ मध्ये ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या अमेरिकनांनी ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा स्वतः जुळवण्याचा संच तयार केला आणि हौशी मंडळींना हे क्षेत्र खुले झाले. पुढे अर्डुइनो बोर्डावर आधारित ‘स्पीडुइनो’ आला. हे बोर्ड स्वस्त आहेत. पण बोर्डाची किंमत हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो. नवी वायरिंग, सेन्सर, वाइडबँड मीटर आणि डायनोवरचे तास धरले की खर्च सहज लाखाच्या घरात जातो. हे संच मुख्यतः पेट्रोल इंजिनांसाठी आहेत, कॉमन रेल डिझेल सांभाळणे त्यांचे काम नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल चालवण्याची सोयही सर्व स्वस्त बोर्डांत नसते. इमोबिलायझर, एसी आणि मीटरचे काटे यांचा मूळ संगणकाशी असलेला संवादही तुटतो. शर्यतीसाठी राखून ठेवलेल्या गाडीला हा मार्ग शोभतो. रोज परभणीहून नांदेडला जाणाऱ्या गाडीला नाही.

मोजमापावर खर्च करावा

कोणताही मार्ग निवडला तरी आतील स्थिती दिसल्याशिवाय ट्यूनिंग अंधारात चालते. पेट्रोल टर्बोमध्ये त्यासाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लागतो. मूळ गाडीतील साधा सेन्सर मिश्रण आदर्श प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगतो. पूर्ण भाराखाली पेट्रोल टर्बो इंजिनात मिश्रण आदर्शापेक्षा पंधरा-वीस टक्के समृद्ध ठेवावे लागते. ते प्रमाण वाइडबँडच दाखवतो.

डिझेलमध्ये एग्झॉस्टच्या तापमानाचा मीटर अधिक उपयोगी. टर्बोच्या आधी हे तापमान सतत ७५० अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल, तर इंधन कमी करणे शहाणपणाचे. जोडीला टर्बोचा दाब दाखवणारा साधा मीटर असावा. पूर्ण भाराची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर न करता डायनोवरच करावी. पुण्यासारख्या शहरात हे काम करून आणण्याचा प्रवासखर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा.

पेट्रोल गाडीसाठी इथेनॉलचा नवा प्रश्न

देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ मध्ये ते सर्वदूर पोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग. त्यामुळे या मिश्रणासाठी प्रमाण सुमारे १३.५ वर येते आणि तेवढ्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. सामान्य वेगात जुना संगणक ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ही तूट भरून काढतो. पूर्ण पेडल दाबल्यावर मात्र तो केवळ जुन्या तक्त्यावर चालतो. मिश्रण त्या मानाने विरळ होते, आणि टर्बो इंजिनासाठी हीच वेळ सर्वांत नाजूक असते.

म्हणून टी-जेट किंवा आरएसच्या रिमॅपमध्ये ताकद वाढवण्याआधी पूर्ण भाराचे इंधन सध्याच्या पेट्रोलला साजेसे करून घ्यावे. २०२३ पूर्वी केलेला रिमॅप असल्यास तोही वाइडबँडने पुन्हा तपासावा. इंधनाचे जुने रबरी पाइप आणि सील तपासणेही त्याच वेळी उरकावे.

कायदा, पीयूसी आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. रस्त्यावरच्या गाडीची ताकद वाढवताना ही जोखीम मालकाचीच असते. ईजीआर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचे ‘पॅकेज’ तर स्वीकारूच नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होते. म्हणजे २००५ ची गाडी २०२० मध्येच पहिल्या नूतनीकरणाला आली. ‘एमएच-२२’ क्रमांकाची गाडी या तपासणीला उभी करताना धूर निर्णायक ठरतो. पीयूसीच्या चाचणीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीच्या धुराची घनता ६५ हार्ट्रिज एककांच्या आत, तर बीएस-४ गाडीची ५० च्या आत असावी लागते. काळा धूर सोडणारा रिमॅप इथे अडकतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, हेही विसरू नये.

निवडीचा सारांश

यांत्रिक पंपाच्या सफारी किंवा स्कॉर्पिओसाठी पंप-नोझलचे कॅलिब्रेशन आणि टर्बोची दुरुस्ती पुरेशी. डायकॉर, सीआरडीई आणि १.३ लिटरच्या गाड्यांत आधी सेन्सर, इंटरकूलर व इंजेक्टरची चाचणी, आणि त्यानंतरही बदल करायचाच असेल तर मूळ मर्यादेजवळचा सौम्य रिमॅप. ऑक्टाव्हिया टीडीआयसाठी कॉम्प्रेशन मोजूनच पुढचे पाऊल. पेट्रोल टर्बोसाठी पहिला खर्च वाइडबँडवर, दुसरा इथेनॉलला अनुरूप इंधनमॅपवर. स्वतंत्र संगणक केवळ शर्यतीच्या गाडीला.

काम देताना चार गोष्टी लेखी मागाव्यात : मूळ फाइलची प्रत, बदललेल्या मर्यादांची यादी, आधीच्या व नंतरच्या मोजमापाचे आलेख आणि गाडी विनातक्रार मूळ स्थितीत आणून देण्याची हमी. मूळ फाइल घरी दोन ठिकाणी साठवावी. या चार गोष्टी द्यायला जो तयार नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी तिथे गाडी सोडू नये.